हिशेबात फ्लॅप धरायचे राहिले

जे. पी. नगर, बेंगळूर
बुधवार (होळी झाली, पाडवा यायचा आहे)

ती. अप्पासाहेब दाजींच्या चरणी धाकटा मेव्हणा रत्नाकर याचा साष्टांग नमस्कार. (कंबर धरल्यामुळे सध्या सहाच अंगं जमिनीला टेकतात. उरलेल्या दोन अंगांचा नमस्कार मनाने केला आहे, तो धरून घ्यावा.) महानंदाक्काला वेगळा नमस्कार आणि तिच्या दोन्ही गुडघ्यांना त्याहून वेगळा. तिने पाठवलेल्या चकल्यांचा डबा पोचला. डबा एवढा जड होता की बसमधून उतरवून घेताना माझ्या कंबरेचं जे व्हायचं ते तिथेच झालं, पण चकल्या खुसखुशीत आहेत, त्यामुळे तक्रार नाही. तुमचा रक्तदाब कसा आहे? हे पत्र वाचण्याआधी गोळी घेतली असेल असं धरून पुढे लिहितो. घेतली नसेल तर आधी घ्या, पत्र कुठे जात नाही.

फोन न करता पत्र का लिहितो, असं तुम्ही विचाराल. दाजी, तुम्ही फोन आला की स्पीकर लावता. मग तुमच्या पंपांच्या दुकानात बसलेलं सगळं गिऱ्हाईक आपल्या घरचं बोलणं ऐकतं आणि मधे सल्लाही देतं. मागच्या खेपेला माझ्या मूळव्याधीवर निपाणीतल्या तीन अनोळखी माणसांनी उपाय सांगितले. शिवाय फोनवर मी चार वाक्यं बोललो की तुम्ही "बरं" म्हणून ठेवून देता. पत्राला "बरं" म्हणता येत नाही.

तर मुद्दा आमच्याकडे राहून शिकणाऱ्या तुमच्या शमिकाचा. तुम्ही निरोप धाडलात, "तू जन्मभर इमानं बनवलीस, तुझंच ती ऐकंल. पोरीला जमिनीवर आण." आज्ञा शिरसावंद्य. पण त्यात एक अडचण अशी की ती रोज जमिनीवर येतेच. उठायचं, एक फेरी मारायची, उतरायचं, थांबायचंही नाही, पुन्हा उठायचं, असा तिचा सध्या अभ्यास चालू आहे. एका सकाळीत पाच-सहा वेळा ती जमिनीवर येते आणि दर वेळी तिचे सर तिला "याहून हळू टेकव" म्हणतात. तेव्हा नुसतं जमिनीवर आणण्याचं काम माझ्याशिवायच चालू आहे. तुमच्या मनात ती जमिनीवरच राहावी असं आहे, हे मला कळतं. मुलगी हवेत गेली या विचाराने तुम्हाला रात्री झोप लागत नाही, हेही अक्काने सांगितलं आहे.

आता या प्रकरणाची सुरुवात कशी झाली तेही एकदा स्पष्ट होऊ द्या, कारण तुम्ही सगळीकडे माझ्याकडे बोट दाखवता असं कानावर आलं. शमिकाने मागच्या वर्षी तुम्हाला सांगितलं की तिला विमानाच्या शाळेत प्रवेश मिळाला आणि आधी ग्राउंड क्लास आहे. तुम्ही "ग्राउंड" एवढंच ऐकलंत आणि निश्चिंत झालात. तुम्हाला वाटलं, विमानतळावरचं काउंटर, खिडकी, बसून काम, संध्याकाळी घरी. तुम्ही दुकानात पेढेही वाटलेत. ग्राउंड क्लास म्हणजे उडण्याआधी वर्गात बसून शिकायची पोथी, हे तुम्हाला कुणी सांगितलं नाही. मी सांगायला हवं होतं. पण पेढे माझ्यापर्यंतही आले होते, आणि पेढा तोंडात असताना माणूस असं बोलत नाही.

दुसरी गोष्ट, आज छातीवर हात ठेवून लिहितो. मी विमानं बनवली नाहीत. तुम्ही अख्ख्या निपाणीला सांगत आलात, "आमचा मेव्हणा इमानं बनवतोय," आणि मीही लग्नाकार्यात मान डोलावत आलो. मी सरकारी संशोधन खात्यात होतो हे खरं, पण विमानातला माझा वाटा फ्लॅपपुरता. फ्लॅप म्हणजे पंखाच्या मागच्या कडेला बिजागरीवर बसवलेली पट्टी. तुम्ही एसटीच्या खिडकीतून हात बाहेर काढून कंडक्टरच्या शिव्या खाल्ल्या असतीलच. (कुणी नाही खाल्ल्या?) तळवा सपाट ठेवला की वारा नुसता घासून जातो, बोटं जरा खाली वळवली की हात आपोआप वर उचलला जातो. तेच फ्लॅपचं. पट्टी जराशी खाली झुकवली की पंख कमी वेगातही विमानाला उचलून धरतो, आणि विमान धावपट्टीवर फार लांब न धावता सुटतं. छोट्या विमानाला हे फार उपयोगी, कारण त्याचं इंजिन तुमच्या मोठ्या पंपासारखं ताकदवान नसतं आणि धावपट्टीच्या टोकाला कुणी ना कुणी झाडं लावलेलीच असतात. पण पट्टी जास्त झुकवली तर वारा अडतो. मग विमान उठतं लवकर, पण चढत नाही. एवढ्याशा पट्टीत माझी सगळी नोकरी सरली. हेमलता माहेरी सांगताना "हे पंखात आहेत" असं सांगायची. तिच्या काकांना कितीतरी वर्षं मी छताचे पंखे विकतो असं वाटत होतं.

तर तुमची आज्ञा मानून मी ठरवलं की शमिकाला नुसतं "नको" म्हणायचं नाही, शास्त्राने गप्प करायचं. तिच्या शाळेच्या विमानाचं पुस्तक तिच्या टेबलावरून उचललं, चष्मा पुसला आणि जेवणाच्या टेबलावर हिशेब मांडला. बेंगळूर मुळात उंचावर, हवा पातळ. त्यात होळीनंतरचं दुपारचं ऊन, हवा आणखी पातळ. विमानाला धाव जास्त लागणार. विमानात शमिका, तिचे सर (गृहस्थ भरलेले आहेत), मागे मी, आणि खबरदारी म्हणून अक्काचा चकल्यांचा डबा. सगळं वजन मिळवलं, धावपट्टीची लांबी मोजली, टोकाच्या जांभळाच्या झाडांची उंची शमिकाकडूनच सहज विचारल्यासारखी काढून घेतली. आणि दाजी, उत्तर असं आलं की विमान जांभळांच्या वरून न जाता जांभळांत जातं. मला एवढा आनंद झाला की मी हेमलताला बोलावून दाखवलं. (आपली भाची झाडात अडकते हे पाहून आनंद होणारा मामा मी पहिलाच असेन. पण आज्ञा तुमची होती.)

रात्री जेवताना मी तो कागद मोठ्याने वाचला. शमिका दहीभात खात होती. पुरतं ऐकून घेतलं, बोटं चाटली आणि म्हणाली, "मामा, फ्लॅप किती धरलेत?"

दाजी, मी धरलेच नव्हते. जन्मभर फ्लॅपचा माणूस, आणि हिशेबात फ्लॅप धरायचे राहिले. हे वाचून तुम्ही हसाल, पण आधी कारण ऐका. आमच्या खात्यात पद्धतच तशी होती. फ्लॅप विभागाने आपला आकडा वेगळ्या कागदावर सही करून द्यायचा आणि उड्डाणाचा हिशेब करणाऱ्या वरच्या मजल्यावरच्या विभागाने तो आपल्या हिशेबात मिळवायचा. आपण होऊन मिळवणं म्हणजे दुसऱ्याच्या कामात हात घालणं. त्यासाठी एकदा गिरीराज नावाच्या माझ्या सहकाऱ्याला खुलासा द्यावा लागला होता. तेव्हा हाताला सवय अशी लागली की उड्डाण मांडायचं आणि फ्लॅपची जागा दुसऱ्याने भरायला कोरी सोडायची. घरात वरचा मजला नाही, हे ध्यानात राहिलं नाही. हेमलता एवढी हसली की तिला ठसका लागला आणि तिच्या पाठीवर मलाच थोपटावं लागलं.

मग शमिकाने माझ्याच पेनाने माझ्याच कागदावर पहिल्या खाचेचे, म्हणजे जरासेच, फ्लॅप धरून हिशेब पुन्हा मांडला. विमान जांभळांच्या बरंच वरून गेलं. मला ते सोसलं नाही. मी हट्टाने पूर्ण फ्लॅप धरून मांडलं, म्हटलं एवढाच उपयोग आहे तर सगळेच लावू. विमान टुणकन उठलं, आणि चढता न आल्यामुळे पुन्हा त्याच जांभळांत. काहीच धरलं नाही तर झाडात, सगळं धरलं तरी झाडात, आणि जरासं धरलं तर आभाळात. मला उपमा द्यायची सवय नाही, आणि तुम्ही मुलीला कॉलेजला सोडायला गेटपर्यंत जीप घेऊन जायचात, परीक्षेच्या हॉलबाहेर थांबायचात, त्याच्याशी याचा संबंध जोडण्याचा माझा हेतूही नाही. हिशेब आला तसा कळवला.

कागदावर हरलो तरी प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय तुम्हाला काय कळवणार, म्हणून रविवारी आम्ही तिघं विमानांच्या त्या मैदानावर गेलो. ते शहराच्या पार उत्तरेला, आम्ही दक्षिणेला. बनशंकरीच्या पुढे सरकेपर्यंतच एखादं विमान निपाणीवरून जाऊन आलं असतं. रिक्षावाल्याला मी दर चौकात विचारत होतो आणि तो दर चौकात "स्वल्प मुंदे", म्हणजे जरा पुढे, म्हणत होता. तुम्ही कानडी मुलखातच राहता, तुम्हाला स्वल्प सांगायला नको. पण बेंगळुरी स्वल्पाचं पाणी वेगळं आहे. नळदुरुस्तीवाला "स्वल्प वेळ" म्हणाला की तो पुढच्या आठवड्यात येतो. शेजारी "स्वल्प सरका" म्हणाला की त्याची गाडी तुमच्या दारात लागते. मैदानाच्या कुंपणाबाहेर गंगव्वा नावाची कैरीवाली बसते, तिने "स्वल्प खारा?" (जरा तिखट?) असं विचारून माझ्या कैरीवर मूठभर तिखट घातलं. माझ्यासारख्या अंश आणि दशांश मोजत आलेल्या माणसाला या शब्दाने इतकं छळलं आहे की विचारू नका.

आणि शमिकाचे सर, कॅप्टन महांतेश, अथणीचे, त्यांनी तोच शब्द काढला. मी दरडावून विचारलं, उन्हाची वेळ, पातळ हवा, झाडं जवळ, तुम्ही मुलांना काय शिकवता? ते आपल्याकडच्या मराठीत म्हणाले, "अहो सर, एवढं काय टेन्शन घेताय? स्वल्प फ्लॅप द्यायचं, सुटतंय बघा ते आपोआप." माझं टाळकं फिरलं. म्हटलं, स्वल्प म्हणजे किती अंश? तेव्हा त्यांनी मला विमानाशी नेऊन आतला दांडा दाखवला. त्याला पहिल्या टप्प्यावर खाच आहे. दांडा तिथे येऊन खट्कन बसतो. दहा अंश, ना कमी ना जास्त. दाजी, स्वल्पाला नक्की माप असलेली या शहरातली एवढीच एक जागा असावी. मी तो दांडा दोनदा खाली-वर करून पाहिला. पंखावरची पट्टी हळूच झुकली आणि परत आली. आयुष्यभर कागदावर काढलेली पट्टी मी पहिल्यांदा हलताना पाहत होतो. डोळ्यांत पाणी आलं. (तिखटाचा हात डोळ्याला लागला होता, हेही खरं.)

त्या शाळेत घरच्या माणसाला एखाद्या वेळी मागे बसवून फेरी मारून आणतात. तेव्हा तुमच्या मुलीसाठी जिवावर उदार होऊन मी विमानात बसलो. शमिका डावीकडे, सर उजवीकडे, मी मागे. तिने सगळं नीट तपासलं, दांडा खाचेत बसवला, मागे वळून पट्टी झुकल्याची खात्री केली आणि विमान धावू लागलं. मला वाटलं होतं ते रडतखडत उठेल. पण अर्ध्या धावपट्टीच्याही आधी पुढचं चाक सुटलं, मग मागची दोन सुटली, आणि ती चाकं जांभळांच्या कितीतरी वरून जाताना अगदी स्पष्ट दिसली, खाली त्यांची सावली झाडांवरून सरकली. खरी परीक्षा पुढे असते. विमान वर गेल्या गेल्या फ्लॅप घाईने मिटले तर ते खाली बसतं. हे मी किती तरुण इंजिनिअरांना ओरडून सांगितलं आहे. शमिकाने घाई केली नाही. वेग येऊ दिला, उंची येऊ दिली, मग हलक्या हाताने दांडा वर घेतला. वरून खाली तळी आरशासारखी दिसतात, राजाजीनगरकडची घरं काडेपेट्या मांडल्यासारखी, आणि मेट्रोचा पूल नाड्यासारखा. विमान उतरेपर्यंत माझी दुसरी कैरी संपली होती. उतरताना ते एकदा किंचित उडालं, पण सर म्हणाले हे चालतं.

एकंदरीत, दाजी, आज्ञेप्रमाणे मी तिला परावृत्त करण्यात कसूर ठेवली नाही. मुलगी सावध आहे, हाताने शांत आहे, आणि हिशेब माझ्यापेक्षा चांगला करते. हे दोष मला दूर करता आले नाहीत, याबद्दल क्षमा असावी. अक्काला सांगा, मुलीचं वजन घटलेलं नाही. विमानाच्या हिशेबासाठी ती स्वतःचं वजन दर आठवड्याला बघते, तेव्हा ही माहिती पक्की आहे. उन्हात हिंडू नका. पाडव्याची गुढी उंच बांधू नका, शिडीवर चढायचं वय नाही. (मी चढतो, पण मी फ्लॅपचा माणूस आहे.) लोभ आहेच, तो या पत्रानंतरही राहावा.

आपला आज्ञाधारक,
रत्नाकर

ता. क. : पत्र बंद करण्याआधी हेमलताने वाचलं आणि ती समोर बसून आहे. तेव्हा लिहिणं भाग आहे. विमानातून चाकं कशी दिसली, आणि आकाशात कैरी कुणी विकली, हे तुमच्यासारख्या चाणाक्ष माणसाने विचारलंच असतं. विमानात हेमलता बसली होती. मी कुंपणापाशी होतो. पायरीवर पाय ठेवला तेव्हा माझ्या लक्षात आलं की वजनाच्या दृष्टीने मी उतरणंच शास्त्रीय ठरेल. हेमलता म्हणते, मी पायरीवर पाय ठेवलाच नाही. तळी, काडेपेट्या आणि नाडा हे सर्व तिचं आहे. "नाडा" हा शब्द मी बदलून मागितला होता, तिने ऐकलं नाही.

दुसरा ता. क. : खरं काम लिहायचं राहिलं. येत्या रविवारी सकाळी शमिका एकटी उडणार आहे. सर खाली उभे राहणार. पहिल्यांदा एकटं उडणं म्हणजे या लोकांत मुंजीएवढा मोठा विधी असतो. तिने तुम्हाला कळवलेलं नाही. मी विचारलं तर म्हणाली, बाबा नको म्हणाले तरी मी जाईन मामा, पण कानात ते 'नको' घेऊन जायचं नाही. हे बोलताना ती पहिल्यांदाच मला लहान वाटली. दाजी, तिला परवानगी नको आहे, ती सज्ञान आहे. तिला तुमचं 'जा' हवं आहे. एवढंच. तुम्ही जीप घेऊन आलात तर या वेळी गेटच्या आत यायचं नाही.

तिसरा ता. क. : तुमच्यासाठी हिशेब पुन्हा मांडला, या वेळी फ्लॅप धरले. शेजारची सीट रिकामी असल्यामुळे वजन बरंच कमी होतं आणि विमान एरवीपेक्षा पुष्कळ लवकर सुटतं. सर म्हणतात, पहिल्यांदा एकटं जाणारं प्रत्येक मूल याने चकित होतं, की अरे, एवढ्यात उठलंही! म्हणजे आपण काळजी म्हणून शेजारी बसून राहतो तेव्हा वजनही आपलंच असतं. हे मला आकड्यांनी कळतं. पण आकडे रविवारी घरी राहणार आहेत आणि कुंपणापाशी मी असणार आहे. हेमलताला विमानं बघायची आहेत, ती माझ्याकडे बघणार नाही. कुंपणापाशी दोघांना उभं राहायला भरपूर जागा आहे, गंगव्वा स्टूल देते. शनिवारच्या रात्रीच्या बसने या. मला एकट्याला बघवणार नाही.

हेमलता म्हणते, "बघवणार नाही" खोडून "भीती वाटते" असं सरळ लिहा. दोन्ही राहू देतो. या, दाजी.